फोटोमागचा कागद

माझं काम नेमकं काय, हे साताऱ्याला घरी अजून कुणाला धड सांगता येत नाही. आई शेजारी सांगते, "पुस्तकं शिवते." बाबा म्हणतात, "जुने कागद दुरुस्त करते." दोन्ही खरंच आहे. ओहायोतल्या एका छोट्या संवर्धन प्रयोगशाळेत मी कागद बघते. नकाशे, पत्रं, जमिनीचे दस्त, कधी पहिल्या पानावर पाच पिढ्यांचे जन्ममृत्यू लिहिलेलं एखादं बायबल. आमच्याकडे येणारी माणसं काही मोठी संग्राहक नसतात. घर आवरताना माळ्यावर काहीतरी सापडतं आणि टाकवत नाही, म्हणून आलेली असतात.

त्या दिवशी तर कागदाचं काम नव्हतंच. ऐंशीच्या पुढचे एक शेतकरी गृहस्थ ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली फ्रेम घेऊन आले होते. आत त्यांच्या खापरपणजीचा फोटो. १८८० च्या दशकात छोट्या फोटोवरून मोठा करून वर कोळशाच्या कांडीने गिरवायची पद्धत होती, तसा. बाई गळाबंद झग्यात, तोंड मिटलेलं, नजर थेट. काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. "काच तेवढी बदला, मॅम," म्हणाले आणि शुक्रवारी येतो सांगून गेले.

फ्रेम पालथी घालून गंजलेले खिळे काढले. मागे तीन लाकडी फळ्या. त्या उचलल्यावर फोटो दिसायला हवा होता, पण मध्ये घडी घातलेला एक कागद होता. यात नवल काही नाही. आपल्याकडे देवाच्या तसबिरीमागे वर्तमानपत्र असतं, तसंच हे. फोटो फळीवर हलू नये म्हणून कुणीतरी हाताला लागलेला कागद चौघडी करून घातलेला. फळ्यांच्या फटींखाली त्यावर दोन तपकिरी रेघा उठल्या होत्या आणि लाकडातल्या गाठीचा एक गोल डाग. वरच्या बाजूला पेन्सिलीने हिशोब. अंडी, रॉकेल, खिळे, पुन्हा अंडी. बेरीज एकदा चुकली होती आणि खाली दुरुस्त केली होती.

असा कागद कोरडा उघडायचा नाही, घडीवर तुटतो. आधी पेन्सिलीवर आणि शाईवर पाण्याचा अगदी बारीक थेंब देऊन टीपकागद लावून पाहिला. काही सुटलं नाही. मग दमट पेटीत ठेवून दिला आणि चहा घ्यायला गेले. दोन तासांनी घड्या सैल झाल्या. बोथट पट्टीने मी पहिली घडी सोडवली.

आत छापील चित्र होतं. लाकडी ठशाचं, जाड्या रेघांचं. पहिल्या पाव भागात एका गाढवाचा मागचा भाग आणि त्याच्या अंगावर तीन अक्षरं: के, के, के.

दुसऱ्या पाव भागात एक प्रवासी थैली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'ओहायो'.

तिसरा उघडला तेव्हा पाय दिसले. जमिनीला न टेकलेले.

चौथा उघडायची घाई मी केली नाही. थोडा वेळ नुसती बसून राहिले. या कामात आपण वाचायला बसायचं नसतं, कागद बघायचा असतो, असं आम्हाला शिकवलेलं आहे. पण हे चित्र मला ओळखीचं वाटत होतं.

आमच्या प्रयोगशाळेत एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांना मी मनातल्या मनात 'बाई' म्हणते, शाळेतल्या बाई म्हणतात तसं. तोंडावर नावाने हाक मारावी लागते आणि इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळते. बाई कृष्णवर्णीय आहेत. त्यांचे आजीआजोबा अलाबामातून इकडे पोलादाच्या कारखान्यांत कामाला आले. त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं आणि चौथी घडी स्वतःच उघडली.

झाड पूर्ण दिसलं. ओकचं. एकाच फांदीला दोन माणसं लटकलेली, गाढव त्यांच्या खालून चालतं झालेलं. खाली मथळा: 'ओकच्या नगरीतलं भावी दृश्य, ४ मार्च १८६९'. त्याखालचा मजकूर बराचसा फाटून गेला होता.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोघंही गोरे आहेत."

"कोण?"

"लटकलेले. नीट बघ. दोघंही गोरे. म्हणून तर हे ओहायोत चाललं."

चित्राची हकीकत अशी. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं, चाळीस लाख गुलाम मोकळे झाले, आणि १८६७ च्या कायद्यांनी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं. १८६८ च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती. गुलामी संपवणाऱ्या रिपब्लिकनांकडून युलिसिस ग्रँट, दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांच्या डेमोक्रॅटांकडून होरेशिओ सेमूर. अलाबामातल्या टस्कलूसा गावी, हीच ती ओकची नगरी, रायलँड रँडॉल्फ नावाचा एक संपादक होता आणि गावातल्या कू क्लक्स क्लॅनचाही, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त टोळीचाही, तोच म्होरक्या होता. त्याच्या 'इंडिपेंडंट मॉनिटर' या पत्रात १ सप्टेंबर १८६८ ला हे चित्र आलं. ४ मार्च हा नव्या अध्यक्षाच्या शपथविधीचा दिवस. म्हणजे चित्राचा अर्थ सरळ होता: आमचा सेमूर निवडून येऊ दे, मग बघा. उत्तरेतून दक्षिणेत आलेल्यांना तिथे 'थैलीवाले' म्हणून हिणवत. चित्रातला थैलीवाला म्हणजे ओहायोतून आलेला मेथडिस्ट धर्मोपदेशक आराद लेकिन, त्याला तिथल्या विद्यापीठाचा प्रमुख नेमलं होतं. दुसरा नोआ क्लाउड, राज्याच्या शिक्षणखात्याचा प्रमुख. दोघांना गावाने आधीच पिटाळून लावलं होतं. खाली शेक्सपियरच्या नाटकातली फाशीबद्दलची वाक्यं मोडूनतोडून टाकलेली. धमकी द्यायची तीही विद्वत्ता मिरवत.

इथवरची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. पुढची मला त्या दिवशी बाईंनी समजावली. रँडॉल्फचं पत्र वाचणारे किती असणार? एका जिल्ह्यापुरतं ते पत्र. पण त्याचा अंक उत्तरेत पोचला आणि ग्रँटच्या बाजूच्या लोकांना घबाडच मिळालं. सिनसिनाटीच्या 'कमर्शियल' या दैनिकाने एकट्याने या चित्राच्या पाच लाख प्रती छापून ओहायोभर वाटल्या, असं अलाबामाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्या निवडणुकीत ओहायोत एकूण मतं पडली पाच लाख अठरा हजारांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ माणशी एक फाशी. रँडॉल्फवर त्याच्याच पक्षातले लोक वैतागले, कारण त्याने विरोधकांच्या हाती आयतं हत्यार दिलं होतं.

तेच चित्र, तीच रेघ. टस्कलूसात ते भीती घालायला छापलं आणि सिनसिनाटीत मत मागायला. एक काडीही बदलायची गरज पडली नाही.

"आणि आमच्या लोकांना मारत होते त्याची चित्रं नव्हती का?" बाईंनी विचारलं. मला वाटलं उत्तर हवंय, पण त्या स्वतःशीच बोलत होत्या. "होती. आकडे होते, साक्षी होत्या. पण ओहायोच्या शेतकऱ्याच्या काळजाला हात घालायला थैली लागली."

हे ऐकायला कडू आहे, पण हिशोब तपासला तर खोटं नाही. याच ओहायोने आदल्याच वर्षी, १८६७ साली, आपल्या राज्यातल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार द्यावा का यावर कौल घेतला होता, आणि मतदारांनी तो नाकारला होता. तीच मतदारयादी १८६८ च्या सप्टेंबरात हे चित्र हातात धरून हळहळत होती.

आणि त्या महिन्यांत खरंच कोण मरत होतं? जॉर्जियात मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी कचेरीने १ जानेवारी ते १५ नोव्हेंबर १८६८ या काळात मुक्त झालेल्या लोकांच्या खुनाच्या किंवा जीवघेण्या हल्ल्याच्या ३३६ घटना नोंदवल्या. १९ सप्टेंबरला कॅमिला गावात सभेला निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यानंतर दहा दिवसांच्या आत लुइझियानात ओपेलूसासभोवती माणसं शोधून शोधून मारली. त्या सेंट लँड्री परगण्यात नोव्हेंबरात ग्रँटना मिळालेली मतं: शून्य. एकही नाही. असा शून्य आकडा कुठल्याही प्रचारपत्रकापेक्षा जास्त बोलतो, असं मला तरी वाटतं.

दुपारी मी डाग कमी करायचं काम घेतलं. हा कागद चिंध्यांचा आहे. लाकडाच्या लगद्याचा कागद तेव्हा अमेरिकेत नुकता कुठे सुरू होत होता. पुढच्या दशकांतला असता तर फळीखाली त्याचा पापड झाला असता. हा मात्र मऊ होता, कापडासारखा. घड्यांवर मागून जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या गव्हाच्या खळीने चिकटवल्या. खळ मी स्वतः शिजवते. इथे तयार मिळते, पण आजीने पतंगाला करून दिलेल्या खळीचा वास अजून नाकात आहे, त्यामुळे विकतची पटत नाही. गाठीचा डाग काढला नाही. तो नेमका थैलीच्या शेजारी पडला होता.

हात कामात होते आणि डोक्यात बाईंचं वाक्य. साक्षी होत्या, त्या म्हणाल्या. त्यातली एक मला माहीत होती. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिसमध्ये तीन दिवस गोऱ्यांच्या जमावाने, पोलिसांसकट, कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली. ४६ कृष्णवर्णीय ठार, ९१ घरं भस्म. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, चौकशी समिती तिथे गेली. तिच्यापुढे फ्रान्सिस थॉम्पसन कुबड्या टेकत आली आणि आपल्यावर व सोळा वर्षांच्या ल्युसी स्मिथवर झालेल्या बलात्काराची साक्ष दिली. ल्युसीनेही दिली. तो अहवाल छापला गेला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत गाजला. जुलै अखेरीस न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा तेच झालं आणि जनरल शेरिडनने ग्रँटला कळवलं की ही दंगल नव्हती, पोलिसांनी केलेली कत्तल होती. दंगल की कत्तल, या एका शब्दावरून तेव्हाही भांडण होतं.

दहा वर्षांनी, १८७६ साली, मेम्फिसच्या पोलिसांनी फ्रान्सिसला पकडलं. आरोप काय, तर शरीर पुरुषाचं असून बाईचे कपडे घालते. तुरुंगात पुरुषांबरोबर ठेवून साखळदंडात रस्त्याच्या कामाला लावलं. ते वर्ष निवडणुकीचंच. डेमोक्रॅट वर्तमानपत्रांनी लगेच उचललं: बघा, साक्षीदारच खोटी, म्हणजे मेम्फिसचा सगळा अहवाल खोटा. त्याच वर्षी ती वारली. एकाच बाईच्या दुःखाचं दोन्ही बाजूंनी प्रचारपत्रक झालं. माझा राग दोन्हीवर सारखा नाही, हेही सांगून टाकते. एका बाजूने तिचं ऐकून तरी घेतलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर फोन लावला. तिकडे सकाळचे सहा, बाबांचा पहिला चहा. मी इकडे यायला निघाले तेव्हा त्यांनी मला बसवून जोतीरावांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचून दाखवली होती. अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना ते पुस्तक अर्पण आहे. "तू त्या लोकांत चालली आहेस," असं म्हणाले होते. मास्तर माणूस, अशा वेळी गळा दाटतोच.

त्यांना कागदाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "अगं, पण मग साल कोणतं हे?"

"अडुसष्ट."

"आणि जोतीरावांचं त्र्याहत्तर."

"हो. आणि त्याच त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानात कोलफॅक्सच्या कचेरीत अडकलेल्या कृष्णवर्णीयांना जाळून बाहेर काढून मारलं, बाबा. किती मेले याचा आकडा कुणी साठ सांगतं, कुणी दीडशे. शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. तिथे १९५० साली एक सरकारी फलक लावला आणि त्यावर लिहिलं, की या दंगलीने दक्षिणेतली बाहेरच्यांची बजबजपुरी संपवली. दोन हजार एकवीसमध्ये काढला तो."

फोनवर नुसता कपबशीचा आवाज. मग ते म्हणाले, "सदाचारी होते की. ज्यांनी मुक्त केलं ते होतेच. अर्पण त्यांना आहे, सगळ्यांना नाही." मी काही बोलले नाही. ते पुढे म्हणाले, "पण तू म्हणतेस ते तपासून लिहून पाठव. वर्गात सांगताना मी इथवर थांबायचो."

त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आहेत. कुठला वर्ग, हे मी विचारलं नाही.

लिहायला बसले ते त्यांच्यासाठीच, आणि त्यात ओहायोचं आणखी एक सापडलं जे मला आधी नीट माहीत नव्हतं. १८७६ चे रिपब्लिकन उमेदवार रदरफोर्ड हेज, ओहायोचेच गव्हर्नर. तोवर मंदी आलेली, लोक बेकार. त्या सप्टेंबरात हेजनी आपल्या पक्षाच्या जेम्स ब्लेन यांना पत्र लिहिलं: आपली बळकट बाजू म्हणजे एकवटलेल्या दक्षिणेची आणि बंडखोरांच्या राज्याची धास्ती, भाषणांत त्यावर भर द्या. त्याने लोकांचं लक्ष वाईट दिवसांवरून उडतं, आणि वाईट दिवस हेच आपले सर्वांत मोठे शत्रू आहेत. दोनच महिन्यांपूर्वी दक्षिण कॅरोलायनातल्या हॅम्बर्गमध्ये कृष्णवर्णीय सैनिकांना पकडून ओळीने गोळ्या घातल्या होत्या. तेही या 'धास्ती'त आलं असणार. हेज निवडून आले, तेही वादग्रस्त मोजणीतून, आणि १८७७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी दक्षिणेतल्या शेवटच्या दोन राज्यांच्या विधानभवनांभोवतालचं केंद्राचं सैन्य मागे घेतलं.

तोवर या सगळ्या साहित्याला एक टिंगलीचं नाव पडलं होतं, 'रक्ताळलेला सदरा फडकावणं'. मिसिसिपीत फटके मारलेल्या एका शाळा-अधिकाऱ्याचा सदरा बेंजामिन बटलर यांनी १८७१ साली काँग्रेसमध्ये फडकावला, अशी कथा सांगतात. फटके खरे. भाषणही खरं. सदरा फडकावल्याचा मात्र पुरावा नाही. तरी लोकांच्या लक्षात राहिला तो सदराच, पाठ नाही.

म्हणजे १८८० च्या दशकात कुणीतरी घरातला हा जुना कागद उचलला, मागे अंड्यांचा हिशोब केला आणि मग फोटोमागे दाबून टाकला, तेव्हा बाजारातही त्याची किंमत तेवढीच उरली होती.

शुक्रवारी गृहस्थ आले. नवी काच बघून खूश झाले. मग मी टेबलावरचा टीपकागद बाजूला केला. त्यांनी खिशातून दुसरा चष्मा काढला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात आमच्यातलं कोण? फास घालणारं की फासावरचं?"

"दोन्ही नाही. हा तुमच्या घरी वाचायला आला होता. मतदानाच्या आधी."

"मग त्यांनी मत कुणाला दिलं?"

"कागदावरून ते कळत नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं मला दिसलं आणि ते मला आवडलं नाही, खरं सांगायचं तर. बाई पलीकडच्या टेबलावर नकाशा दाबत होत्या. त्या म्हणाल्या, "आदल्या वर्षी एक कौल झाला होता इथे. तेही विचारा तिला." त्यांनी विचारलं. मी सांगितलं. खुर्ची ओढून ते बसले.

पुढची पंधरा मिनिटं बाईंनीच बोलून काढली, आपल्या आजोबांबद्दल, टस्कलूसाबद्दल नाही. मी मध्ये पडले नाही. शेवटी गृहस्थांनी कागद पालथा केला, पेन्सिलीची बेरीज ओठ हलवत पुन्हा करून पाहिली आणि म्हणाले, "दुरुस्ती बरोबर आहे."

कागद संग्रहालयाला द्यायचा असेल तर मी पत्ते देते, असं सांगितलं. त्यांनी नको म्हटलं. "होता तिथेच ठेवा."

लाकडाच्या फळ्या परत लावता येणार नाहीत, कागदाची घडी पुन्हा घालता येणार नाही, हे समजावलं. उलगडलेला कागद फ्रेमपेक्षा दोन बोटं लहान भरत होता, त्यामुळे तो पारदर्शक पाकिटात सपाट बसला. फोटो आणि पाकीट यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठा घातला.

"चित्र कुठल्या बाजूला करू?"

त्यांनी खापरपणजीच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. "हिशोब तिच्याकडे असू द्या. तिचाच असणार. चित्र भिंतीकडे."

मागचा पुठ्ठा बंद करून मी त्यावर पेन्सिलीने लिहिलं: आत एक प्रचारपत्रक आहे, १८६८. बाईंनी ते वाचलं, पेन्सिल मागून घेतली आणि खाली एक ओळ वाढवली: उघडून बघा. गृहस्थांनी काचेचे आणि मजुरीचे पैसे दिले. कागदाचे मी लावले नव्हते.